भिंती पाडण्याआधी एक साधा रविवार या

प्रति,
मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि जिथं जिथं आपल्या वस्तीतली घरं पांगली आहेत तिथल्या माझ्या दिरांना, जावांना, नणंदांना, पुतण्यांना आणि नातवंडांना,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मे महिन्यात तुम्ही सगळे गावी आलात तेव्हा चर्चमध्ये बैठक झाली. नव्या इमारतीचं मोठं रंगीत चित्र तुम्ही पुलपिटाच्या, म्हणजे प्रवचनाच्या ओट्याच्या, पायरीला टेकवून ठेवलं होतं. दोन मजले, पुढं उंच मनोरा, आत संगमरवरी फरशी, दाराशी देणगीदारांच्या नावांची पाटी. जुनं पाडायचं, दिवाळीनंतर पाया खणायचा आणि पुढच्या नाताळाला उद्घाटन करायचं असं ठरलं. मी दाराजवळ, चपलांच्या कडेला बसले होते. "काकू, तुम्ही काहीतरी बोला," असं धाकटा पुतण्या दोनदा म्हणाला. मी बोलले नाही. तुम्ही पोटाला चिमटा काढून पैसे जमवलेत, कुणी बोनस दिला, कुणी रिक्षाच्या कमाईतून दर महिन्याला बाजूला टाकले, हे मला ठाऊक आहे. त्या आनंदात मी नाट लावावी असं वाटलं नाही.

पण त्यानंतर चार रविवार गेले, आणि दर रविवारी कुलूप उघडताना माझा हात थांबतो. म्हणून लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण फोनवर एकेकाशी बोललं की गोष्ट एकाची दुसरीच होऊन पसरते. शिवाय वाळवा, शिराळा, मिरज, तासगाव या सगळ्या भागात आपल्यासारख्या लहान मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे समुदाय, आहेत, त्यांच्याही मुंबईकरांच्या मनात असंच काही चालू असणार. त्यांनीही वाचावं.

माझं म्हणणं आधीच सांगते. या भिंती पाडू नका. आणि पैसे पाठवता तसे स्वतः या.

तुम्हाला इमारत जुनी दिसते. मला ती कशी दिसते ते सांगते. खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत काळा दगड आहे, त्यावर वीट, वरून चुन्याचा गिलावा. हा दगड ओढ्याकाठचा. सासूबाई सांगायच्या, दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आल्यावर बायका डोक्यावरून एकेक दगड आणायच्या आणि मंदिराच्या जागेवर टाकून मगच घरी चूल पेटवायला जायच्या. त्या चर्च म्हणत नसत, देऊळच म्हणत. आधी छपराला उसाचं पाचट होतं, पावसाळ्यात उपासना चालू असताना डोक्यावर टपटप व्हायचं. मग कधीतरी मंगलोरी कौल आलं. पूर्वेच्या खिडकीवर जी तिरकी चीर दिसते ती कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची. ती बुजवली, पण दर उन्हाळ्यात पुन्हा केसाएवढी उघडते. उत्तरेच्या भिंतीवर माझ्या कमरेच्या वर जी पिवळट रेघ आहे ती २०१९ च्या पुराची. ती पुसू नका असं मीच रंगाऱ्याला सांगितलं होतं.

आणि घंटा. आपल्या चर्चला घंटा नाही, रुळाचा तुकडा आहे, हे तुम्हाला कमीपणाचं वाटतं हे मला बैठकीत कळलं. पितळी घंटा आणायचं तुमच्या यादीत आहे. तो रूळ मीटरगेजचा आहे. रेल्वेत गँगमन असलेल्या आपल्यातल्याच एका आजोबांनी भंगारात निघालेला तुकडा पैसे भरून मिरजेहून बैलगाडीत आणला, आणि तेव्हापासून तो लिंबाच्या फांदीला टांगलेला आहे. फांदी त्याच्या साखळीभोवती वाढली आहे, साखळीची दोन कडी आता लाकडाच्या आत आहेत. साडेआठला पहिले टोले, नऊला दुसरे. सावकाश तीन, मग थोडं थांबून सलग बारा. सलग बाराचा हात शिकायला मला दोन वर्षं लागली, कारण हातोडी लगेच परत आली तर आवाज बसतो. पाटलांच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या आजी आमच्या दुसऱ्या टोल्यावर रक्तदाबाची गोळी घेतात. तुमची घंटा याहून गोड वाजेल, मला मान्य आहे. पण तिचा आवाज गावाला ओळखीचा व्हायला पुन्हा एक पिढी जाईल.

तुम्ही म्हणाल काकू बदलाला घाबरतात. तसं नाही. या मंडळीत बदल झाला नाही असं एकही दशक गेलेलं नाही, आणि ते सगळं रजिस्टरात लिहिलेलं आहे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टराच्या पहिल्या पानांवर वर 'जिल्हा सातारा' असं आहे. १९४९ नंतर 'दक्षिण सातारा'. १९६० नंतर 'सांगली'. गाव जागचं हललं नाही, कृष्णाही तीच, जिल्ह्याचं नाव तेवढं तीनदा लिहिलं गेलं. माणसांच्या नावांचंही तसंच. आधीच्या ओळींत "रामा, बाप्तिस्म्याचं नाव योहान", "सावित्री, बाप्तिस्म्याचं नाव मार्था". मधल्या काळात नुसतेच दाविद, शलमोन, रूथ, एस्तेर. आणि आता आर्यन आणि एंजल. अक्षर बदलतं, शाई बदलते, ओळीची आखणी मात्र तीच: मुलाचं नाव, बापाचं, आईचं, साक्षीदार, पाळकाची म्हणजे धर्मगुरूची सही.

आपण कुठून आलो हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून इथं लिहिते. आपण महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली माणसं. १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात येऊन राहिले, पुढं प्रेस्बिटेरियन मिशनचं काम सांगली, मिरज, इस्लामपूर असं या बाजूला पसरलं. १८८९ मध्ये डॉक्टर विल्यम वॉनलेस आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचा दवाखाना उभा राहिला. आपल्या पणजोबांना धर्माचं तत्त्वज्ञान समजलं म्हणून ते आले असं मी म्हणणार नाही. कुणाच्या पोराला डोळ्याचं दुखणं होतं, कुणाची बायको बाळंतपणात अडली होती. मिरजेला गेले, तिथं त्यांना हात लावून तपासलं. ज्यांच्या सावलीला लोक बाजूला सरायचे त्यांना कुणीतरी अंगाला हात लावून तपासलं. मग गावात शाळा आली, एकाच सतरंजीवर बसायची, आणि मास्तरच रविवारी प्रार्थना घ्यायचे. तुम्ही जी जागा पाडायला निघालात ती आधी शाळा होती. पुलपिटाच्या मागं भिंतीत जो काळा चौकोन आहे तो फळा आहे, गिलाव्यातच केलेला. त्यावर मी अजून खडूनं गीतांचे नंबर लिहिते.

मी स्वतः मिरजेत नर्सिंग शिकले आणि मग चौतीस वर्षं सरकारी उपकेंद्रात काम केलं. त्यामुळं हे मला ऐकीव वाटत नाही. हात लावण्यानं काय होतं ते मी रोज पाहिलं.

मिशनरी गेले. तेव्हा म्हाताऱ्यांना वाटलं आता मंडळी संपली. संपली नाही. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्या इतरांबरोबर संयुक्त मंडळीत गेल्या, १९७० मध्ये २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आपल्याकडं त्याचा परिणाम एवढाच दिसला की दारावरची पाटी रंगवून घेतली आणि प्रार्थनेचे काही शब्द बदलले.

त्याहून खोल बदल १९५६ चा. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांत आपली आळी मधोमध दुभंगली. सासूबाईंच्या सख्ख्या भावानं दीक्षा घेतली. त्यांच्या घरी बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, आमच्या घरी मेंढपाळ येशूची, मधे एक सामायिक भिंत. सासूबाई म्हणायच्या, त्या वर्षी दोघं भावंडं एकमेकांशी बोलली नाहीत. पुढच्या नाताळाला भाऊ करंज्या मागायला आला. "धर्म बदललाय, दात तेच आहेत," म्हणाला. तेव्हापासून चौदा एप्रिलला त्यांच्याकडं जेवण आणि पंचवीस डिसेंबरला आमच्याकडं फराळ, हे आजतागायत चालू आहे. नव्या चित्रात चर्चभोवती उंच कंपाउंड दाखवलं आहे. ती भिंत नेमकी या दोन घरांच्या मधून जाते. चित्र काढणाऱ्या माणसाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

कागदांचंही बोलते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती झालेले आजही बाहेर आहेत. म्हणून आपल्या कितीतरी मुलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एका धर्माखाली आणि आपल्या रजिस्टरात दुसऱ्या. काहींनी नोकरी लागल्यावर चर्चमध्ये यायचं सोडलं, कुणी बघेल म्हणून. मी कुणालाही दोष देत नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण अशी माणसं रात्री घरी येऊन "काकू, आईसाठी प्रार्थना कर" म्हणतात. देणगीदारांच्या पाटीवर त्यांचं नाव कधीच येणार नाही. दगडी चर्चच्या मागच्या बाकावर, अंधारात, त्यांना बसता येतं.

गाण्याबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यात येऊन राहिले, तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला आपल्याच मातीतल्या चालीत, टाळ-मृदंगावर आळवायचं हा त्यांचा ध्यास. १९१९ मध्ये ते गेले, पण त्यांची भजनं या भागात गावोगाव पोचली. माझ्या सासऱ्यांना लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, तरी टिळकांची पन्नासेक भजनं पाठ होती. पंढरीच्या वारीला जाणारे शेजारी आमच्या भजनाला येऊन बसायचे, टाळ त्यांचेच असायचे. आता पोरं कीबोर्ड वाजवतात, मोबाईलवर हिंदी गाणी लावून त्यावर म्हणतात. कीबोर्डला माझी हरकत नाही. सुरात लावला तर चांगला वाटतो. माझं दुखणं असं आहे की गावात आता ढोलकी वाजवणारा आपल्यात एकही उरला नाही. शेवटचा होता तो गेल्या पावसाळ्यात गेला, आणि त्याची ढोलकी चर्चच्या माळ्यावर आहे, एका बाजूचं कातडं उंदरांनी खाल्लेलं. मनोऱ्याच्या पैशातून ती मढवून घेतली आणि कुणा एका पोराला शिकायला सांगलीला पाठवलं, तर मला वाटेल की तुम्ही चर्च बांधलं.

बाहेर जाण्याला सुरुवात तुमच्यापासून नाही झाली. १९७२ च्या दुष्काळात पहिली मोठी पांगापांग झाली. पूर्वभागातले आपले पाहुणे खडी फोडायला रोजगाराच्या कामावर, आणि आपल्याकडले तरुण मुंबईच्या गिरण्यांत. मी लग्न होऊन आले तेव्हा मोठे दीर परळला होते. रविवारी ते तिकडच्या चर्चला जायचे आणि दर महिन्याला मनिऑर्डरीत पाच रुपये वेगळे लिहून पाठवायचे, "मंडळीसाठी". १९८२ चा संप झाला. अठरा जानेवारीला सुरू झाला आणि दीर वर्षभरानं ट्रंक घेऊन परत आले. त्या वर्षी कापणीच्या सणाला त्यांच्याकडं अर्पण करायला काही नव्हतं. त्यांनी एक अंडं आणलं. तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल. अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला. अंडं पहिल्यांदा दोन रुपयांना गेलं, घेणाऱ्यानं पुन्हा टेबलावर ठेवलं. पुन्हा बोली. असं ते अंडं सात वेळा विकलं गेलं. शेवटी ते ज्यानं घेतलं त्यानं दिरांच्याच हातात आणून दिलं, "दादा, पोराला उकडून घाला" म्हणून. दीर तिथं पुलपिटापाशी उभे राहून लहान मुलासारखे रडले. ते पोर आज इमारत समितीचं अध्यक्ष आहे. बाळा, तुला ते आठवणार नाही, तू तीन वर्षांचा होतास.

पुराबद्दल थोडक्यात. २००५ ला पाणी पायरीपर्यंत आलं. २०२१ ला अंगणात. २०१९ ला मात्र, ऑगस्टमध्ये, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि आपली अख्खी वस्ती बुडाली. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली होती, लोक बोटीत चढायला भीत होते. चढवणारे जवान म्हणाले, एका माणसामागं एकच पिशवी. मी रजिस्टरं घेतली. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर जुनं लुगडं, आणि ते सगळं धान्याच्या पत्र्याच्या डब्यात. माझ्या लग्नातली पैठणी, ह्यांचे फोटो, सगळं घरात राहिलं. फोटो गेले. पण तुमच्यातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा, तुमच्या आईबापांचं लग्न, तुमच्या आजोबांचं दफन, ते माझ्याकडं आहे. आणि भिंती उभ्या राहिल्या. आठ दिवस पाण्यात राहून दगड आणि चुना उभा राहिला. पडली ती मागची नवी संडासाची भिंत.

म्हणून बांधकामाचं मी अडाण्यासारखं बोलत नाही. मागची भिंत खालून तीन फूट ओलसर आहे, खरं आहे. दोन वासे कुजले आहेत, तेही खरं. पण ओल का आली ते बघा. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं डागडुजी म्हणून त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला. चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर टाकते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं, ओल आतच कोंडली आणि पोपडे धरले. बाकी तीन भिंतींना हात लावला नव्हता, त्या कोरड्या आहेत. गावातल्या जुन्या गवंड्याचं म्हणणं, सिमेंट खरवडून चुना लावा, दोन वर्षांत भिंत वाळेल. आणि आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दोन मजल्यांचं वजन तिच्यावर ठेवायचं तर पाया किती खोल न्यावा लागेल, आणि पूर आल्यावर त्याचं काय होईल, हे कुणी इंजिनिअरला माती दाखवून विचारलं आहे का? जागेचा उतारा काढून त्यावर आज कुणाचं नाव आहे ते पाहिलं आहे का?

शेजारच्या एका गावात तुमच्यासारख्याच प्रेमानं, तुमच्यासारख्याच मुंबईकरांनी मोठं चर्च बांधलं. मी उद्घाटनाला गेले होते, मांडव, पाचशे माणसं, बिर्याणी. गेल्या ईस्टरनंतर तिकडं एका मयताला गेले. दाराला कुलूप, व्हरांड्यात कबुतरांची घाण, किल्ली तालुक्याच्या गावी असलेल्या एका पंचाकडं. त्या गावात आता आपली दोन घरं आहेत, दोन्ही घरांतली म्हातारी माणसं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये चौघं बसले की एकमेकांचं गाणं ऐकू येत नाही, म्हणून ती घरीच प्रार्थना करतात. त्या मयताची शवपेटी उचलून चर्चमध्ये नेली तेव्हा आधी पंखे झाडावे लागले.

आता आपलं बघा. गावात आपली सात घरं उरली आहेत. रविवारी तेरा-चौदा माणसं येतात, त्यात चार पोरं. पाळकसाहेब चार मंडळ्या सांभाळतात, आपल्याकडं महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी येतात. बाकीचे रविवार आम्हीच चालवतो. एक जण वचन वाचतो, मी प्रार्थना घेते, शब्बाथ शाळेच्या पोरांकडून पाठ वचन म्हणून घेते. कोरोनात सगळं बंद झालं तेव्हाही दर रविवारी नऊला मी एकटी जाऊन टोले दिले. लोक आपापल्या दारात उभे राहून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायचे. पलीकडच्या दारांतून बौद्ध आळीतली माणसंही हात जोडून उभी असायची.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीच्या, आदल्या संध्याकाळी मी तासगावचे बेदाणे भिजत घालते. बाटलीतला रस आपल्याकडं कधी आला नाही. मूठभर बेदाणे, दोन वाट्या पाणी, सकाळी मंद आचेवर ते फुगून फुटेपर्यंत उकळायचे, मग पांढऱ्या फडक्यातून पिळायचे. सासूबाईंनी हे फडकं फक्त याच कामाला ठेवलेलं होतं, मीही ठेवलं आहे. चौदा माणसांना एवढं पुरतं. मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा मी किलोभर भिजवले होते, आणि पिळताना हात दुखले, आणि मला फार आनंद झाला होता. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तर माझं मागणं.

पैसे परत घ्या असं मी म्हणत नाही. सिमेंट काढून चुना लावा, वासे बदला, कौलं उतरवून पुन्हा शाकारा. संडास आणि पाण्याचा नळ हवाच, तुमचं बरोबर आहे, आणि पायरीच्या बाजूला उतरण करा, म्हाताऱ्यांना चढवत नाही. त्याआधी एक काम, तेही या पावसाळ्याआधी: दफनभूमीची सरकारी मोजणी. दक्षिणेच्या बाजूनं शेजारचा ऊस दर वर्षी सरीभर आत येतो. मागच्या लागणीत नांगर सासऱ्यांच्या कबरीच्या पायथ्याशी येऊन थांबला. मी नांगरापुढं उभी राहिले म्हणून थांबला. मोजणी करा, दगड रोवा, तारेचं कुंपण घाला. भांडण करू नका, तो शेतकरी वाईट माणूस नाही, त्याला हद्द दाखवणारं कुणी नाही एवढंच.

उरलेल्यातून ढोलकी, आणि रजिस्टरांचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी जपून ठेवण्याची सोय. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. पुढच्या पुराला डबा मी उचलेनच याची खात्री नाही.

आणि शेवटचं. रजिस्टरावरून मोजलं, तर गावाबाहेर आपली एकेचाळीस घरं आहेत. इथली सात. अठ्ठेचाळीस. वर्षाचे रविवार बावन्न. एकेका घरानं वर्षातला एक रविवार घ्यायचा. त्या दिवशी त्या घरानं गावी यायचं, सकाळी टोले द्यायचे, वचन वाचायचं, एक गीत सांगायचं, पोरांसोबत जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. वर चार रविवार उरतात, ते नाताळ आणि ईस्टरच्या आसपासचे, तेव्हा तुम्ही असं ना तसं येताच. एक वर्ष हे करून बघू. बावन्न रविवार हे दार तुमच्या हातानं उघडलं गेलं आणि तरीही तुम्हाला वाटलं की या भिंती पाडाव्यात, तर मी काही बोलणार नाही. रुळावर हातोडी कशी धरायची ते मात्र प्रत्येकाला मी शिकवीन.

तक्ता करून दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे, त्याचा फोटो नातवानं ग्रुपवर टाकला आहे. ज्या घरांना तारीख जमत नसेल त्यांनी आपसात बदलून घ्यावी. पहिला रविवार मोठ्या दिरांच्या घराचा ठेवला आहे आणि त्या दिवशी पाळकसाहेबही आहेत. तुम्ही किती जण येताय ते शुक्रवारपर्यंत फोन करून कळवा, म्हणजे बेदाणे त्या मापानं भिजत घालते.

तुमची,
काकू
(चर्चची किल्ली जिच्याकडं असते ती)